कोड १३७

(दृश्य: काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द – 'किल्ड')

रात्री लावून ठेवलेला प्रोग्रॅम सकाळी असा सापडतो. कुठे काय चुकलं याची एक ओळ नाही, मागे फक्त आकडा: १३७. म्हणजे १२८ अधिक ९: सिग्नलने मेलेल्या प्रोग्रॅमचा आकडा सिग्नलच्या नंबरात १२८ मिळवून येतो. सिग्नल म्हणजे प्रोग्रॅमला धाडलेला हुकूम; लिनक्समधला ९ नंबरचा आला की प्रोग्रॅमला आवराआवरीचीही सवड मिळत नाही. अशा वेळी पहिला संशय खुद्द कर्नलवर, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसर वाटून देणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यावर, घ्यायचा.

(दृश्य: सर्व्हरच्या रांगा)

२००६ साली गूगलमध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी एक काम हाती घेतलं. एका मशीनवर अनेक प्रोग्रॅम नांदवायचे, पण एकाने दुसऱ्याच्या ताटातलं ओढायचं नाही. युनिक्सच्या घराण्यात मर्यादा घालणारं 'यूलिमिट' होतंच, पण त्यातली मेमरीची मर्यादा एकेका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, लागते. प्रोसेसने चार पोरं काढली की चौघांचा हिशेब वेगळा! मर्यादा हवी होती अख्ख्या कुटुंबाला. ते कुटुंब म्हणजे कंट्रोल ग्रुप, ऊर्फ 'सीग्रुप'. जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ कर्नलमधून तो सगळ्यांच्या हाती आला. प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारी आजची साधनं, डॉकर आणि कुबरनेटीस, त्याच्याच जिवावर मर्यादा घालतात.

प्रोसेसरची मर्यादा म्हणजे सरळसरळ भारनियमन. दर १०० मिलिसेकंदांना २० मिलिसेकंद मंजूर. ती संपली की पुढची फेरी येईपर्यंत अंधार. गंमत अशी, की १०० मिलिसेकंद मंजूर असलेल्या प्रोग्रॅमने प्रोसेसरच्या चार कोअरवर चार धागे (थ्रेड, म्हणजे कामाच्या समांतर वाटा) एकदम पळवले, तर त्याचा कोटा २५ मिलिसेकंदांतच आटोपतो. उरलेली ७५ तो ताटकळतो, मशीन रिकामं असलं तरी. काम रखडतं, पण प्रोग्रॅम जगतो.

(दृश्य: पंगत, केळीची पानं मांडली जातायत)

मेमरीचं तसं नाही. तिथे पंगतीचा हिशेब चालतो. आमंत्रणं हजार, पानं पाचशे. सगळे थोडेच एकदम येणार! प्रोग्रॅमने २ जीबी मागितले की कर्नल सहसा 'हो' म्हणून मोकळा होतो. खरी मेमरी मिळते ती प्रोग्रॅम त्या जागेत लिहायला बसेल तेव्हा, आणि तीही पानापानानेच. साध्या पीसीवर एक पान ४ केबीचं.

सीग्रुप मोजतो ती ही मांडलेली पानं. मर्यादा गाठली की कर्नल आधी फायलींच्या कॅशेची (हाताशी ठेवलेल्या प्रतींची) पानं उचलतो, स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) असेल तर काही तिकडे हलवतो. तरीही भागलं नाही, तर भरल्या पानावरून कुणाला तरी उठवावंच लागतं. बहुधा ज्याने सर्वांत जास्त जागा अडवलीय, तोच उठतो, म्हणजे मारला जातो, आणि मागे उरतो तो १३७. या मर्यादेच्या अलीकडे 'मेमरी डॉट हाय' नावाची एक रेघ आखता येते. ती ओलांडणाऱ्याला कर्नल मारत नाही, नुसता रेटून धीमा करतो. ती आधी आखून ठेवावी, असं आपलं आमचं मत.

(दृश्य: टर्मिनल, 'डीमेसेज'चा लॉग वर सरकतोय)

मारल्याची नोंद कर्नल इथे, आपल्या संदेशांच्या वहीत, ठेवतो. कुठला गट, कुठला प्रोग्रॅम, आणि त्या क्षणी तो किती पानं धरून बसला होता.