आकडा, मीटर आणि मीटरनंतरची वायर

नमस्कार श्रोतेहो.

आकड्याची वीज, म्हणजे तारेवर आकडा टाकून चोरून घेतलेली वीज, फुकट नसते, हे वस्तीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. लाइन देणारा पॉइंट मोजून महिन्याला पैसे घेतो. बल्बचे वेगळे, पंख्याचे वेगळे, फ्रिज आणला की आणखी वेगळे. पावती नाही, तक्रारीला जागा नाही. धाड पडली की तो पसार होतो आणि वीज कायद्याचं कलम १३५ तुमच्या गळ्यात पडतं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढणंही परवडत नाही. हिशोब करून पाहू. ९ वॅटचे दोन बल्ब सहा तास, ७५ वॅटचा पंखा चौदा तास, टीव्ही पाच तास, एक छोटा फ्रिज आणि थोडा वेळ मिक्सर. सगळं मिळून दिवसाला अडीच युनिटं, म्हणजे महिन्याला साधारण ७५. महाराष्ट्रात घरगुती विजेचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत असतो. घर एकटं असेल तर त्या स्वस्त टप्प्यातच राहतं. दोन घरं एका मीटरवर आली की १५० युनिटं होतात आणि वरच्या ५० युनिटांना पुढच्या टप्प्याचा महाग दर लागतो. मग बिल कोणी किती भरायचं, यावरून भांडण ठरलेलं.

स्वतःचा मीटर घ्या म्हटलं की "पण जागा आमच्या नावावर नाही," हे आपण नेहमी ऐकतो. अर्ज केल्यावर वीज कोणाला द्यायची, ते सांगताना २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये 'मालक किंवा भोगवटादार' असे शब्द आहेत. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष राहणारा. वीजबिलामुळे जागेची मालकी सिद्ध होत नाही, त्यामुळे मीटर दिल्याने जमीनमालकाचं काही जात नाही. अहमदाबादमध्ये झोपडपट्ट्यांना रीतसर वीज मिळाली ती याच मार्गाने. महापालिकेने ना-हरकत दाखले दिले आणि वीज कंपनीने जमिनीच्या कागदांचा हट्ट सोडला.

अर्जासोबत ओळखीचा पुरावा, तिथे राहत असल्याचा पुरावा आणि परवानाधारक वायरमन-कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे घरातलं वायरिंग तपासल्याचा कागद, लागतो. नवा खांब किंवा केबल टाकायची नसेल, तर पूर्ण अर्ज दिल्यापासून महानगरात तीन दिवसांत आणि इतर नगरपालिका हद्दीत सात दिवसांत जोडणी द्यावी, असा केंद्राचा नियम आहे. अर्जाची पोच मात्र हातात घ्या. खिडकीवर तोंडी 'होणार नाही' म्हटलं, तर नकार लेखी मागा. त्या कागदाशिवाय ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथून पुढे विद्युत लोकपालांकडे जाणं अवघड होतं.

मीटर आला की लोक निश्चिंत होतात. खरा धोका मात्र त्यानंतर सुरू होतो, कारण मीटरपासून घरापर्यंतची वायर आपली असते. मीटरचं पॅनेल गल्लीच्या तोंडाशी असतं आणि घर वीस-पंचवीस मीटर आत. वायर पत्र्यांवरून जाते, पत्र्याची धार तिला घासत राहते, आणि पहिल्या पावसात भिंतीचा पत्रा 'धरायला', म्हणजे शॉक द्यायला लागतो. म्हणून ही वायर अखंड असावी, मध्ये टेप लावलेला जोड नको. जिथे ती पत्र्याला टेकते तिथे पीव्हीसी पाइपातून न्या.

एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, आहे म्हणून माणूस वाचतो, असं नाही. एमसीबी वायर वाचवते. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून कमी प्रवाहाला दाद देत नाही, आणि ओल्या अंगातून अँपिअरचा दहावा भाग गेला तरी जीव जातो. अर्थिंग असली तरी भागत नाही. वस्तीतल्या अर्थिंगचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २० ओहम धरा. घरातल्या विजेचे २३० व्होल्ट भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. एमसीबी पडत नाही आणि पत्रा जिवंतच राहतो, म्हणजे त्यात वीज असतेच.

म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावा. ती जाणारा आणि परतणारा प्रवाह ताडून पाहते आणि फरक दिसला, म्हणजे वीज कुठेतरी गळत असली, की क्षणात पडते. तिच्यासोबत अर्थिंग असेल तर कोणाचा हात लागण्याआधीच पुरवठा तुटतो. प्रत्येक दारी खड्डा खणायला जागा नसते. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून अडीच मीटरचा जीआय पाइप पुरला तरी चालतो. नळाच्या पाइपाला मात्र अर्थिंग जोडू नका. मध्येच प्लास्टिकचा तुकडा असला तर वीज जमिनीत न जाता सरळ नळाच्या तोटीत येते.

आता नेहमीची तक्रार: 'आरसीसीबी सारखी पडते.' बहुतेक वेळा एका घराचा न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी वायर, दुसऱ्याच्या न्यूट्रलला जोडलेला असतो, नाहीतर कुठेतरी वायर ओलावलेली असते. असं झालं की वायरमन म्हणतो, बायपास करून देतो, म्हणजे आरसीसीबी वगळून वायर थेट जोडतो. त्याला तसं करू देऊ नका. सगळे पॉइंट बंद करून आरसीसीबी वर करा, मग एकेक पॉइंट चालू करत जा. ज्या पॉइंटला ती पडेल, बिघाड बहुधा तिथेच. सगळे पॉइंट बंद असतानाही पडत असेल, तर दोष न्यूट्रलमध्ये किंवा वायरिंगमध्येच आहे, तो वायरमनकडून शोधून घ्या. आणि तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडली नाही, तर त्याच दिवशी बदलायची.