पंचेचाळीस मिनिटांचा पेपर

(पडद्यावर: स्कॉटलंडचा नकाशा, जुन्या शाळांची कृष्णधवल छायाचित्रं)

१ जून १९३२. स्कॉटलंडभरच्या शाळांमध्ये अकरा वर्षांची मुलं एकाच दिवशी एकच पेपर सोडवायला बसली आहेत. १९२१ साली जन्मलेलं आणि त्या दिवशी शाळेत हजर असलेलं जवळपास प्रत्येक मूल. एकूण ८७,४९८. प्रश्न ७१, गुण ७६, वेळ ४५ मिनिटं. विरुद्धार्थी शब्द, गटात न बसणारा शब्द, सांकेतिक लिपी, थोडं अंकगणित. आपल्याकडे स्कॉलरशिपचा बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर ज्यांनी दिलाय, त्यांना यातलं फारसं काही परकं वाटणार नाही.

पेपर एडिंबराच्या मरे हाउस या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा, म्हणजे तिथले शिक्षणतज्ज्ञ गॉडफ्रे थॉमसन यांचा. खेड्यापाड्यांतल्या गरिबांच्या शाळांमधली हुशार मुलं पुढच्या शिक्षणासाठी निवडली जात नाहीत, ती शोधून काढावीत म्हणून ते दहाएक वर्षं आधीच चाचण्यांकडे वळले होते. बुद्धिमापनाच्या इतिहासात वाईट हेतूंची उदाहरणं कमी नाहीत, म्हणून हा हेतू मुद्दाम सांगायचा.

१९४७ मध्ये पुन्हा तेच झालं. या वेळी १९३६ साली जन्मलेली ७०,८०५ मुलं बसली. मोठ्या कुटुंबांतल्या मुलांना कमी गुण पडतात, आणि मोठी कुटुंबंच जास्त मुलं जन्माला घालतात. तेव्हा देशाची बुद्धी घसरत चालली असणार, अशी त्या काळी भीती होती. निकाल लागला तर सरासरी दोनेक गुणांनी वाढलेली! नंतर नोंदवह्या बांधून ठेवल्या गेल्या आणि विस्मरणात गेल्या.

(पडद्यावर: एडिंबरा विद्यापीठाचा परिसर)

त्या वह्या पुढे पुन्हा उघडणारे मानसशास्त्रज्ञ इयन डिअरी यांचा जन्म १९५४ चा, म्हणजे या दोन्ही चाचण्यांनंतरचा. शिक्षण डॉक्टरकीचं, काही काळ मनोविकारशास्त्रात काम, आणि मग एडिंबरा विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापक. सुरुवातीचा त्यांचा विषय अगदी बारीक होता. पडद्यावर दोन रेघा क्षणभर चमकतात. लांब कोणती ते सांगायचं. किती कमी वेळात माणूस अचूक सांगू शकतो? आणि ज्याला कमी वेळ पुरतो, तो बुद्धीच्या चाचणीतही वरचढ असतो का? थोडाफार असतो. पण त्या ‘थोडाफार’च्या मागे नेमकं काय आहे, ते हाती लागेना. याच वाटेवर डिअरी राहिले असते, तर त्यांचं नाव त्यांच्या क्षेत्राबाहेर क्वचितच कोणी ऐकलं असतं.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲबर्डीनचे मनोविकारतज्ज्ञ लॉरेन्स व्हॉली आणि डिअरी त्या नोंदवह्यांपर्यंत पोहोचले. एडिंबरात एका तळघरात त्या अजून शाबूत होत्या. हाताने लिहिलेली नावं, जन्मतारखा, शाळा आणि गुण. फाइफ, अँगस आणि विगटाउन या परगण्यांच्या १९३२ च्या वह्या तेवढ्या गहाळ. बाकी जवळजवळ अख्ख्या देशाचं एक जन्मवर्ष तिथे कागदावर होतं.

मग काय करायचं, ते उघड होतं. १ जून १९९८ रोजी, बरोबर ६६ वर्षांनी, ॲबर्डीनच्या म्युझिक हॉलमध्ये त्यातली काही माणसं पुन्हा बसली. आता वय सत्त्याहत्तर. पेपर तोच, सूचना त्याच, वेळ तितकाच. असे एकूण १०१ जणांचे दोन्ही वेळचे गुण हाती आले. लहानपणीचे आणि म्हातारपणीचे गुण ताडून पाहिले, तेव्हा सहसंबंध निघाला ०.६३ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळणी). प्रकृती धड असलेली माणसंच परीक्षेला येतात, ही मेख लक्षात घेतली तर ०.७३. या आकड्याचा वर्ग साधारण अर्धा येतो; म्हणजे साधारणपणे, सत्त्याहत्तरीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा अकराव्या वर्षीच होता.

आणि निम्मा नव्हता. डिअरींची पुढची वीसएक वर्षं याच दुसऱ्या निम्म्यात गेली.

एडिंबरा आणि आसपासच्या लोदियन भागातून त्यांनी दोन गट जमवले: १९२१ चे ५५० आणि १९३६ चे १,०९१. रक्त, फुप्फुसं, चालण्याचा वेग, जनुकं, मेंदूचे स्कॅन, दर काही वर्षांनी सगळं पुन्हा.

(पडद्यावर: कॉफीचा कप)

या कामाचं खरं मोल मला कॉफीच्या गोष्टीत दिसतं. सत्तरीतली कॉफी पिणारी माणसं चाचण्यांत थोडी सरस ठरली. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं असतं? पण डिअरींच्या गटाकडे या लोकांचे अकराव्या वर्षीचे गुण होते. ते हिशेबात धरले आणि कॉफीचा प्रभाव जवळपास नाहीसाच झाला. लहानपणी ज्यांना जास्त गुण होते, तीच मंडळी पुढे शिकली, बऱ्या नोकऱ्यांत गेली आणि त्यांची राहणीही त्या घडणीची झाली. कॉफीने बुद्धी वाढली नव्हती; झालं असेल तर उलटंच. ‘अमुक खा, मेंदू तल्लख ठेवा’ असे फॉरवर्ड रोज येतात. त्यामागच्या बहुतेक पाहण्यांकडे ही जुनी गुणवही नसते.

तसंच मेंदूच्या सालीचं, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थराचं. सत्तरीतल्या स्कॅनमध्ये जाड साल आणि चांगले गुण सोबत दिसले. अर्थ सरळ वाटतो: म्हातारपणी साल झिजते आणि बुद्धी ढासळते. पण बालपणीचे गुण घालून पाहिल्यावर त्या संबंधाचा सुमारे दोन तृतीयांश भाग आधीपासूनचाच निघाला.

काही गोष्टी मात्र हा हिशेब करूनही उरल्या. शारीरिक तंदुरुस्ती उरली. धूम्रपानाचं नुकसान उरलं. दुसरी भाषा येणाऱ्यांची सरशीही उरली. प्रत्येकाचा परिणाम लहान. चमत्कार कुठेच नाही, आणि डिअरींनी कधी तसा आवही आणला नाही.

आयुर्मानाचा शोध सगळ्यांत अस्वस्थ करणारा आहे. ॲबर्डीनच्या मुलांच्या नोंदी तपासून व्हॉली आणि डिअरी यांनी २००१ मध्ये दाखवलं, की अकराव्या वर्षी एकाचा बुद्ध्यंक दुसऱ्यापेक्षा १५ गुणांनी कमी असेल, तर त्याची ७६ व्या वर्षापर्यंत जगण्याची शक्यता त्या दुसऱ्याच्या ७९ टक्केच उरते. हे आकडे समूहाचे आहेत, एकेका मुलाची पत्रिका नव्हेत. कारणांवर वाद आहे: सिगारेट, धोक्याची कामं, दवाखान्याची सोय, की शरीराचीच मुळातली घडण?

डिअरी २०२० मध्ये निवृत्त झाले. १९३६ च्या गटाचं काम आता सायमन कॉक्स पाहतात. त्या गटातल्या काहींनी मरणोत्तर मेंदूदानाला संमती दिली आहे, कारण पेशींमधल्या जोडण्या मोजायच्या तर जिवंतपणीचा स्कॅन अपुरा पडतो. त्या जोडण्यांची संख्या आता त्याच माणसाच्या १९४७ च्या गुणांशेजारी मांडता येते.