मोजपट्टी दिल्लीची, बाटली गोव्याची

(दृश्य: मडगाव, खारेबांध. साळ नदी, ओहोटीची वेळ.)

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायला 300 मिलीलीटरची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची. बूच लावताना आत बुडबुडा राहिला, तर त्यातला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि नदी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. शिवाय प्रयोगशाळेच्या वाटेत तो बदलू नये म्हणून रसायनं काठावरच घालून प्राणवायू तिथल्या तिथे बांधून टाकतात. वेळ ओहोटीची धरतात. भरतीला खारं पाणी वर चढतं आणि सांडपाणी विरळ होतं.

नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, मोजपट्टी केंद्राची. लिटरमागे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की नदीचा तो पट्टा प्रदूषित. केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या यादीत गोव्याचे असे 11 पट्टे होते. खारेबांध ते मोबोर हा साळीचा पट्टा त्यातलाच.

घटनेनं पाणी राज्यांकडे दिलं. त्यामुळे 1974 चा जल कायदा करण्याआधी संसदेला काही राज्यांच्या विधानसभांचे ठराव लागले. 1986 च्या पर्यावरण कायद्याला ते लागले नाहीत. त्याखालची मानकं राज्य मंडळ कडक करू शकतं, सैल नाही. शिवाय मंडळाला धनी दोन, केंद्रीय मंडळ आणि राज्य सरकार. दोघांचे आदेश जुळले नाहीत, तर निवाडा केंद्र सरकार करतं. आता जल कायद्याच्या 2024 च्या दुरुस्तीनं राज्य मंडळाचा अध्यक्ष नेमण्याची पद्धतही केंद्र ठरवणार. अर्थात, ती दुरुस्ती राज्यानं ठराव करून स्वीकारली तरच.

या ओढाताणीपेक्षा खटले जास्त बुडतात ते जल कायद्याच्या कलम 21 वर. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना मालकाला जागेवरच नोटीस द्यायची, त्यानं मागितल्यास नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. मालक मुद्दाम गायब झाला, तर अधिकाऱ्याची एकट्याची सही चालते. पण तो समोर असताना ही रीत चुकली, तर पाणी कितीही काळं असो, अहवाल कोर्टात पुरावा ठरत नाही.

साळीत मात्र कारखान्यांपेक्षा घरांचं सांडपाणी मोठं. दारावरून मलवाहिनी गेली तरी जोडणी न घेतलेलं घर, पावसाळी गटारात सोडलेला शौचालयाचा पाइप. इथे सील लावायला कारखाना नसतो. जोडणी करून घेणं राज्याच्या खात्यांच्या आणि नगरपालिकेच्या हातात. दिल्लीहून कितीही कडक मानक आलं, तरी तो पाइप शोधायला माणूस मडगावातूनच निघावा लागतो.