लाल बाटलीत डाळिंब हवंच

[दृश्य : मार्केट यार्ड, पहाट. टेम्पोतून क्रेट उतरताहेत.]

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरणारं हे डाळिंब सांगोला, पंढरपूर, आटपाडी या पट्ट्यातलं. पाऊस कमी, जमीन हलकी, तरी तिथल्या शेतकऱ्यांनी बागा उभ्या केल्या. ग्रेनेडिन नावाचं सिरप याच फळाचं.

बारमध्ये किंवा लग्नातल्या मॉकटेल काउंटरवर लालभडक सिरपची बाटली असते, तेच ग्रेनेडिन. मूळ कृतीत डाळिंबाचा रस आणि साखर, बस्स. फ्रान्समध्ये ते गार पाण्यात घालून पितात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बारमध्येही ते चांगलंच रुळलं. सफरचंदाची ब्रँडी, लिंबू आणि ग्रेनेडिन यांचं ‘जॅक रोझ’ त्याच काळातलं.

[दृश्य : दुकानातली बाटली. कॅमेरा मागच्या लेबलवर.]

आता हे लेबल वाचा. साखर किंवा कॉर्न सिरप, सायट्रिक ॲसिड, रंग, स्वाद. बाजारातल्या कितीतरी ग्रेनेडिनमध्ये डाळिंबाचा थेंबही नसतो. चव नुसती गोड, तुरटपणाचा पत्ता नाही. पुण्यासारख्या गावात, जिथे डाळिंब ढिगानं येतं, तिथे तरी हे चालवून घेऊ नये.

कारण या फळाशी पुण्याचं नातं बाजारापुरतं नाही. गणेशखिंडीच्या फळबागेत 1936 मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी वाणाच्या रोपांतून एक झाड निवडलं. त्यातून ‘गणेश’ हा वाण आला. बी मऊ, चव गोड, दाणे मात्र फिके गुलाबी. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा लाल दाण्याच्या वाणाशी संकर झाला आणि त्या वंशातून ‘भगवा’ निघाला. सिरपसाठी भगवाच घ्या. गणेशच्या रसाला हा रंग येत नाही.

[दृश्य : स्वयंपाकघर. पाण्याच्या पातेल्यात दाणे मोकळे होताहेत.]

डाळिंब पाण्यातच सोला. दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो. तो सगळा काढून टाका, कडूपणा त्यातच असतो. दाणे मिक्सरला लावू नका. बिया भरडल्या की रस कडवट होतो. मलमलच्या फडक्यात दाणे बांधून हातानं पिळा. हात लाल होतील, कपडे जपा, हा डाग हट्टी असतो.

वाटीभर रसाला वाटीभर साखर. मंद आचेवर साखर विरघळली की गॅस बंद. उकळी येऊ द्यायची नाही, हे पुन्हा सांगते, कारण सगळं इथेच बिघडतं: रंग तपकिरी होतो आणि ताज्या रसाऐवजी जॅमचा वास येतो. निवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस घाला. डाळिंबाचा रंग आंबटात खुलतो, पाहता पाहता लाली चढते. संत्र्याच्या फुलांचं पाणी मिळालं तर दोन थेंब टाका, अनेक जुन्या पद्धतींत ते असतं. बाटली उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करा आणि सिरप फ्रिजमध्ये ठेवा. यात प्रिझर्वेटिव्ह नाही, तेव्हा थोडंच करा आणि लवकर संपवा.

[दृश्य : उंच ग्लास. संत्र्याच्या रसातून लाल धार खाली उतरते.]

‘टकीला सनराइज’मध्ये टकीला, बर्फ आणि संत्र्याचा रस आधी भरतात. ग्रेनेडिन शेवटी, ग्लासच्या कडेनं. साखरेमुळे ते जड असतं, म्हणून तळाशी जातं आणि रंग खालून वर चढत जातो. ढवळलं की ती गंमत गेली.

दारू न घेणाऱ्यांसाठी ‘शर्ली टेंपल’ आहे: जिंजर एल, वर ग्रेनेडिन आणि एक चेरी. जिंजर एल नसेल तर साधा सोडा, आल्याचा रस आणि लिंबू घ्या. मोठ्या ग्लासला दोन चमचे सिरप पुरे. घरचं सिरप बाजारच्यापेक्षा कमी गोड लागतं, तरी आधी चाखा, मगच वाढवा.