साका खाली बसेपर्यंत

[पडद्यावर: काचेचा मोठा बरणा, आत गढूळ पिवळसर रस. बुचातल्या नळीत एकच बुडबुडा वर येतो.]

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून हेरफर्डशर परगणा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथल्या बागांमध्ये सफरचंदांचे ढीग लागतात. डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक, फॉक्सव्हेल्प अशा या जाती. कुणी तुरट, कुणी आंबटढाण. सहज तोंडात टाकावं असं यातलं एकही नाही. पण यांचाच रस आंबवून उत्तम सायडर, म्हणजे सफरचंदाचं मद्य, होतं, आणि इथे ते पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होत आलंय. स्वतःपुरतं करायला तिथे परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी मद्य करणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

रस कसा काढावा, कसा आंबवावा, यावर सगळेच भरभरून बोलतात. आपण बघणार आहोत त्यानंतरचे महिने. रस आंबून झालाय, बाटल्या अजून भरायच्यात, तो मधला काळ. घाई नडते ती इथेच.

[पडद्यावर: नळी, दोन बरणे, हात.]

डिसेंबर संपता संपता बुडबुडे मंदावतात. यीस्टने साखर संपवत आणलेली असते आणि दमलेलं यीस्ट तळाशी बसू लागतं. हा साका. सायडर त्यावर फार दिवस तसंच राहिलं, तर यीस्टच्या पेशी फुटतात आणि चव उतरते. म्हणून वरचं निवळ सायडर दुसऱ्या बरण्यात काढून घ्यायचं.

हात कसा चालतो बघा. भरलेला बरणा टेबलावर, रिकामा जमिनीवर. नळीचं वरचं टोक साक्यापासून दोन बोटं वर धरलंय. खालचं टोक रिकाम्या बरण्याच्या तळाला टेकवलंय, म्हणजे धार खळखळत नाही आणि सायडरात हवा मिसळत नाही. हवा मिळाली की व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचं फावतं. शेवटचं पेलाभर सायडर साक्यासोबत सोडून द्यायचं. तेवढ्याचा लोभ केला, तर गाळ नव्या बरण्यात जातो. नवा बरणा गळ्यापर्यंत भरायचा आणि थंड जागी ठेवून द्यायचा. थंडीत गाळ लवकर बसतो.

कधी महिना-दीड महिना उलटला तरी धुरकटपणा हटत नाही. बहुतेकदा कारण असतं पेक्टिन. जॅम ज्याच्यामुळे आळतो, तेच. खात्री करायची तर थोड्या सायडरात त्याच्या तिप्पट-चौपट कडक स्पिरिट घालावं. पांढुरके तंतू किंवा गुठळ्या दिसल्या, की पेक्टिन ठरलंच. ही तपासणीची वाटी नंतर ओतून द्यायची, चाखायची नाही. पेक्टिन तोडणारं एन्झाइम मिळतं, पण त्याची खरी वेळ रस आंबण्याआधीची. अल्कोहोल तयार झाल्यावर ते रेंगाळत काम करतं.

प्रथिनांमुळे आलेला गढूळपणा वेगळा. त्याला बेंटोनाइट नावाची माती लागते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तसाच हा प्रकार: विरुद्ध विद्युतभाराचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. पेक्टिनपुढे मात्र ही माती हतबल. आणि खरं सांगायचं तर, जरासं धुरकट सायडरही चवीला फर्मास असू शकतं. नुसत्या दिसण्यासाठी त्याच्यावर उपचारांचा मारा करू नये.

[पडद्यावर: एप्रिल-मेमधली बाग, झाडांवर मोहर.]

आता एक गंमत. वसंतात झाडं फुलतात आणि तळघरातला शांत बरणा पुन्हा बुडबुडे सोडू लागतो. झाडाची ओढ रसाला लागते, असं जुने लोक म्हणत. प्रत्यक्षात ऊब वाढते आणि सायडरातले जिवाणू कामाला लागतात. सफरचंदाच्या करकरीत मॅलिक आम्लाचं ते मवाळ लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. उरलीसुरली साखरही आता आंबते. जानेवारीत काचेसारखं नितळ दिसलं म्हणून ज्याने बुचं ठोकली, त्याच्या बाटल्यांमध्ये हा सगळा वायू कोंडतो.

म्हणून भरवसा हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड आहे ते मोजणाऱ्या उपकरणावर, ठेवायचा. साखर संपत जाते तसा हा आकडा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व, उतरतो. ताज्या रसाचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.०५० असतं, पूर्ण आंबलेल्या सायडरचं १.००० किंवा त्याहून थोडं कमी. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आकडा तोच आला, आणि बुचातली नळीही शांत असली, तरच बाटल्या धुवायला घ्याव्यात.

फेसाळ सायडर हवं असेल, तर भरताना मोजून साखर घालतात. लिटरला ४ ग्रॅम साखर म्हणजे जवळपास लिटरभर वायू. बिअरच्या जाड बाटलीला लिटरमागे ६ ग्रॅम पुरे. त्यापुढे जायचं तर शॅम्पेनची बाटली हवी. हे धाडस जुनं आहे. १६१५मध्ये राजा पहिल्या जेम्सने काचभट्ट्यांना लाकूड जाळायला बंदी केली. भट्ट्या कोळशावर गेल्या, आच वाढली, काच मजबूत झाली. १६६२मध्ये ख्रिस्तोफर मेरेट या इंग्लिश वैद्याने रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेसमोर वाइन फेसाळ करायला साखर घालण्याची रीत मांडली, आणि १६६४मध्ये इंग्लिश लेखक जॉन इव्हलिन यांच्या ‘पोमोना’ या ग्रंथात सायडरवरचे लेख छापून आले.

बाटल्यांसोबत एक प्लॅस्टिकची बाटलीही भरावी. ती दाबून बघता येते. दगडासारखी घट्ट झाली, की आत दाब आलाय असं समजून सगळ्या बाटल्या गारव्याला हलवाव्यात. पेल्यात ओतताना बाटली एकदाच तिरपी करायची, आणि तळचं बोटभर सायडर आतच राहू द्यायचं.