सुक्याबरोबर ओलं

फासकी म्हणजे काय, हे कोकणात उभं राहून सांगायची गरज नाही. क्लचच्या वायरचा फास, एक खुंटा आणि रानडुकराची रोजची वाट. लावणारा लावतो डुकरासाठी आणि सकाळी त्यात लटकलेला असतो बिबट्या. आज बोलायचंय आफ्रिकेतल्या गोरिलांबद्दल, पण सुरुवात फासकीपासून करतो, कारण तिकडचं दुखणं पुष्कळसं हेच आहे.

रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमा जिथे भेटतात, तिथे विरुंगा नावाची ज्वालामुखींची रांग आहे. तिथे आणि युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात पर्वतीय गोरिला राहतो. जगात आणखी कुठेही नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात तुमच्यापैकी काहींनी गोरिला पाहिले असतील, ते वेगळे, सखल प्रदेशातले. पर्वतीय गोरिला आज कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही. रानातला संपला की संपला.

आता तिकडची फासकी. बांबू किंवा एखादं कोवळं झाड वाकवायचं, त्याला दोरीचा फास बांधायचा, वर पालापाचोळा टाकायचा. पाय पडला की झाड सटकन सरळ होतं आणि फास आवळतो. हे सगळं भेकराएवढ्या हरणांसाठी. गोरिला कुणाला नको असतो. विरुंगाच्या आसपासचे लोक त्याचं मांस सहसा खात नाहीत. पण वाट तीच. मोठा गोरिला हिसडा मारून सुटतो, फास मात्र मनगटात रुतून राहतो. मग सूज, मग जखम चिघळते, हात जातो, कधी जीव जातो. पिल्लाच्या अंगात तर हिसडा मारण्याइतकी ताकदही नसते.

अमेरिकी संशोधक डायन फॉसी यांनी 1967 साली करिसिंबी आणि बिसोके या दोन शिखरांच्या मधल्या खिंडीत तंबू ठोकले आणि गोरिलांचा अभ्यास सुरू केला. त्यांचा सगळ्यात लाडका गोरिला म्हणजे डिजिट. 31 डिसेंबर 1977 रोजी तो मारला गेला. मारणारे आले होते आपल्या फासक्या बघायला. गोरिलांचा कळप समोर आला, डिजिट आडवा झाला, बाकीचे निसटले. त्याच्या अंगावर भाल्याचे पाच वार होते. डोकं आणि हात कापून नेले होते. त्या काळी अशा वस्तूंना परदेशी गिऱ्हाईक मिळायचं. पुढे फॉसी शिकाऱ्यांशी अक्षरशः युद्ध खेळल्या, त्यांच्या झोपड्या जाळल्या. 1985 साली त्यांचाही खून झाला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण झोपडी जाळून शिकारी बदलत नाही, हे माझं मत आहे. त्यांचं टिकलेलं काम दुसरंच: रोज माणसं पाठवून फासक्या उपटणं. शेतातली निंदणी जशी, तसंच. कितीही काढा, पुन्हा उगवतं, पुन्हा काढायचं.

ही निंदणी आजही चालू आहे. स्थानिक माग काढणारे रोज सकाळी निघतात, काल गोरिलांनी मुक्काम केला तिथून आजचा माग घेतात आणि वाटेतल्या फासक्या मोडत जातात. 1986 पासून पशुवैद्यही जोडीला आहेत. फास अडकलेलं पिल्लू दिसलं की ते डोंगर चढतात, भुलीचं इंजेक्शन नेम धरून मारतात आणि जागेवरच फास कापतात. खरी कसोटी बाकीच्यांना लांब ठेवण्याची. दीडशे किलोच्या वर वजनाचा, पाठीवरचे केस चंदेरी झालेला कळपाचा म्होरक्या तुम्हाला त्याच्या पोराजवळ बसू देईल का?

1981 साली विरुंगात अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. पुढे तिथेच ते सहाशेच्या वर गेले, आणि ब्विंडीतल्या 2018 च्या गणनेनंतर दोन्ही मिळून आकडा 1063 झाला. गोरिलाची मादी साधारण चार वर्षांनी एकदा वीत असते, हे लक्षात घ्या, म्हणजे ही वाढ काय भावानं मिळाली ते कळेल.

काँगोच्या बाजूची कथा वेगळी वाटते. जुलै 2007 मध्ये तिथे सेंक्वेक्वे हा म्होरक्या आणि त्याच्या कळपातल्या माद्या गोळ्या घालून मारल्या. मांस नेलं नव्हतं, हात नेले नव्हते, पिल्लंही नेली नव्हती. मग मारलं कशासाठी? उत्तर निघालं कोळशात. जवळच्या गोमा शहराच्या चुली लाकडी कोळशावर चालतात आणि तो कोळसा विरुंगाच्या झाडांचा. वनरक्षक आड येत होते, म्हणून त्यांना धडा शिकवायला गोरिला मारले. पुढे तिथल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला या प्रकरणात अटक झाली. म्हणजे इथेही गोरिला कुणाला नकोच होता. आपण म्हणतो ना, सुक्याबरोबर ओलंही जळतं; इथे तर शब्दशः.

म्हणून विरुंगा उद्यानाच्या लोकांनी नद्यांवर छोटे वीजप्रकल्प उभारले. मातेबेचा प्रकल्प 2015 साली सुरू झाला. गावात वीज पोचली तर झाडावरची कुऱ्हाड थोडी तरी थांबेल, हा हिशेब. मला तो बंदुकीपेक्षा पटतो. पण बंदुका आहेतच. 24 एप्रिल 2020 रोजी एकाच हल्ल्यात तिथले 12 वनरक्षक मारले गेले. त्या भागात सशस्त्र टोळ्यांची कमी नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये, टाळेबंदीत पर्यटन थंडावलेलं असताना, ब्विंडीत रफीकी नावाचा म्होरक्या भाल्यानं मारला गेला. पकडलेला माणूस म्हणाला, मी लहान जनावरांच्या मागे गेलो होतो, हा अंगावर आला. त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली. कायद्यानं बरोबर. पण पर्यटक बंद म्हणजे गावातली मिळकत बंद, हेही त्या भाल्याच्या मागे आहे. रवांडात गोरिलांसोबत एक तास घालवायला 1500 डॉलर पडतात, सव्वा लाख रुपयांच्या वर! उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो. महाग आहे, पण शेजाऱ्याला गोरिला जिवंत परवडला पाहिजे ना?

एक प्रसंग सांगून थांबतो. 2012 मध्ये रवांडात एक पिल्लू फासकीत मेलं. काहीच दिवसांनी त्याच कळपाजवळ एका माग काढणाऱ्याला नवी फासकी दिसली. तो मोडायला पुढे सरकला तर म्होरक्या गुरगुरला, म्हणून हा जागीच थबकला. तेवढ्यात र्वेमा आणि दुकोरे ही साधारण चार वर्षांची दोन पोरं धावत आली. एकानं वाकवलेल्या फांदीवर उडी मारून ती मोडली, दुसऱ्यानं फास सोडवला. मग दोघं शेजारच्या दुसऱ्या फासकीकडे वळली. ती त्या माणसाच्या नजरेतून सुटली होती.