बंदुकीच्या नावात काय काय असतं

ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी रायफल. नेम धरायच्या मागच्या साईटच्या पाठीमागे, रिसीव्हरच्या म्हणजे बंदुकीच्या मधल्या मुख्य भागाच्या पोलादावर ठोकलेल्या ओळी वाचा : यू. एस. रायफल. कॅल. .३०, एम-१. स्प्रिंगफील्ड आर्मरी. त्याखाली अनुक्रमांक.

सैन्याच्या कागदपत्रांत नाव लिहिताना आधी शस्त्राचा प्रकार, मग कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचं माप (इथं इंचांत), आणि सर्वांत शेवटी मॉडेल येतं; एम म्हणजे मॉडेल. रायफल, कॅलिबर .३०, एम-१. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण १९४१ साली त्याच सैन्यानं आणखी एक शस्त्र, एक आखूड, हलकी बंदूक स्वीकारली : कार्बाईन, कॅलिबर .३०, एम-१. माप तेच, मॉडेलचा आकडाही तोच. काडतूस मात्र पार वेगळं. रायफलीचं लांब आणि जोरकस, कार्बाईनचं आखूड. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. सैनिकाच्या डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा एम-१च होतं. दारूगोळा मागवणाऱ्यानं पहिला शब्द गाळला, तर आघाडीवर भलतीच पेटी पोहोचणार.

त्याआधी अमेरिकेत मॉडेलपुढे वर्ष लिहीत : १९०३ची रायफल, १९११चं पिस्तूल. पुढे साधे क्रमांक आले. सुधारणा झाली की ए-१, ए-२ जोडायचं; चाचणी चालू असेल तर एमच्या आधी एक्स.

जपानमध्ये वर्षच लिहीत, पण कुठलं वर्ष? टाइप ३८ रायफल मेजी राजवटीच्या ३८व्या वर्षातली, म्हणजे १९०५ची. टाइप १४ पिस्तूल तायशो राजवटीच्या १४व्या वर्षातलं, १९२५चं. टाइप ९९ रायफल १९३९ची, कारण ते जपानी शाही कालगणनेचं २५९९वं वर्ष. युद्धानंतरची टाइप ८९ मात्र सरळ १९८९ची. चार शस्त्रं, आणि वर्ष मोजायच्या चार रीती! नुसते आकडे पाहून यातलं जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे ओळखताच येत नाही.

चीननं १९५६ साली तीन सोव्हिएत शस्त्रांच्या आपल्याकडे बनवलेल्या आवृत्त्यांना एकच आकडा दिला. अर्धस्वयंचलित रायफल टाइप ५६, कलाश्निकोव्हच्या घडणीची स्वयंचलित बंदूक टाइप ५६, हलकी मशीनगनही टाइप ५६. इथं काडतूसही तिन्हींना एकच लागतं, ७.६२ बाय ३९ मिलिमीटरचं. त्यामुळे माप विचारूनही उलगडा होत नाही. प्रकाराचा शब्दच हवा.